मी सरकलो नाही

मित्रांनो, आधी मुद्द्याचं सांगून टाकतो. मी सरकलो नाही.

आता ओळख. मी हद्दीचा एक जुना दगड आहे. काळा, कमरेइतका उंच, माथ्यावर सपाट. गावाचं नाव सांगत नाही. गावानं माझी बदनामी केली म्हणून मीही गावाची करावी, एवढा मी हलका नाही. वजन तीन क्विंटल तरी भरेल. कंधारकडून येणारी एसटी वळताना जिथं मागचा पत्रा घासून घेते, तिथलं समजा.

निजामाच्या काळात गावच्या मुख्य रस्त्याची हद्द आखायची ठरली, तेव्हा पाथरवटानं आम्हा चौघांना घडवलं. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. अंमलदारानं कोळशानं आकडे काढून दिले, त्यानं ते छिन्नीनं कोरले. त्या वेळचं दफ्तर उर्दूत, म्हणून आकडेही उर्दूत. पहिल्या दगडावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन आणि माझ्यावर चार. यात काही गूढ नव्हतं. शाळेत हजेरीला मुलांना नंबर देतात, तसे दिले होते.

काम एकच होतं. उभं राहायचं. माझ्या एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला लोकांची जागा. या कामात बढती नसते. पुढं जाणं हाच गुन्हा.

बाकीचे तिघं टिकले नाहीत. पहिला कपडे धुवायला नदीवर गेला. दुसरा एका हॉटेलची पायरी झाला. तिसऱ्याला कुणीतरी शेंदूर फासला. तो आता देव आहे आणि आम्हाला ओळख देत नाही. मी एकटा उरलो. उन्हाळ्यात भर दुपारी रस्ता ओस पडला की मला कुणीतरी नंबर घेताना ऐकू यायचं. एक. दोन. तीन. मग आवाज थांबायचा आणि बराच वेळ काही व्हायचं नाही. माझी पाळी आहे हे मला कळायचं. पण दगडानं ‘हजर’ कसं म्हणावं?

माझ्या अंगावर एक टवका आहे. तो कसा उडाला ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. भुजंग नावाचा एक माणूस माझ्या पाठीमागं घर बांधत होता. तुळईसाठी सागवानाचं लाकूड घेऊन त्याची बैलगाडी आली. एक बैल बुजला, गाडी फिरली, आणि चाकाची लोखंडी धाव येऊन माझ्यावर आदळली. चाराच्या आकड्याच्या उजवीकडं जोंधळ्याच्या दाण्याएवढा टवका उडाला. भुजंग खाली उतरला. त्यानं आधी बैल पाहिला, मग चाक पाहिलं, मग मला हात लावून तो हात छातीला लावला. गवंड्याला म्हणाला, दगडाच्या रेघेच्या बोटभर मागूनच पाया धर. घर रेघेच्या बोटभर मागं उभं राहिलं. ते बोट मी रोज पाहत होतो.

पुढं केवळाबाई त्या घरात सून म्हणून आली. काही वर्षांनी नवऱ्यानं ओसरीत पिठाची गिरणी टाकली, आणि नवरा गेल्यावर ती तिनंच चालवली. माझे चांगले दिवस ते. बाया डबे माझ्या माथ्यावर ठेवायच्या. जोंधळ्याचं, गव्हाचं, डाळीचं, सगळं पीठ उडून माझ्यावर बसायचं. मी इतका पांढरा झालो की एका प्रचाराच्या जीपवाल्यानं मला दुभाजक समजून वळसा घातला. केवळाबाई पट्टा काढताना मला पाठ टेकायची. बोलायची नाही. गिरणीशेजारी आयुष्य काढलेली माणसं फार बोलत नाहीत.

मग सुशोभीकरण आलं.

रस्त्याच्या पलीकडं, बरोबर माझ्यासमोर, नगर परिषदेची भिंत आहे. सभागृहाच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात आणि सदस्यांना माईकवर बोलायची हौस आहे. त्यामुळं इतिवृत्त लिहिणाऱ्यापेक्षा मला जास्त ठाऊक असतं. योजना अशी होती की मुख्य रस्त्याला पेव्हर ब्लॉक, राजवाड्यात असतात तसे दिवे, बसायला बाक, फोटो काढायला जागा आणि चौकात कारंजं. अडचण एवढीच की पूर्ण निधी साठ फुटी रस्त्यालाच मिळतो आणि आमचा रस्ता भरला एकोणचाळीस फूट. नगराध्यक्षा उज्वलाताईंनी विचारलं, याच रुंदीत बसवलं तर? इंजिनिअर यज्ञेश साहेबांनी नकाशा पाहून सांगितलं की कारंजं रस्त्याच्या मधोमध येतं आणि एसटीला त्यातून जावं लागेल. संगप्पा नावाचे सदस्य म्हणाले की मग एसटी धुऊन तरी निघेल. हे इतिवृत्तात आलं नाही.

माझ्या रेघेच्या एका अंगाला एसटीची मोकळी जागा, दुसऱ्या अंगाला शाळेचं पटांगण, आणि मध्ये केवळाबाईचं एकटं घर. रुंदी वाढवायची तर ओसरी जाणार. ओसरी घेतली तर भरपाई म्हणून मावेजा द्यावा लागणार. मावेजा दिला तर कारंजं जाणार. सभागृहानं दोन्ही गोष्टी तोलून पाहिल्या, आणि कारंजं जड भरलं.

तेव्हा कुणाला तरी मी दिसलो.

यज्ञेश साहेब खाली आले, त्यांनी पीठ पुसलं आणि आकडा पाहिला. मैलाच्या दगडावर मैल असतात, तर हद्दीच्या दगडावर रुंदी असणार, असा त्यांचा तर्क. वाचायला उर्दू शाळेचे मास्तर आले. उर्दूत शून्य म्हणजे पोकळ गोल नसतं, नुसता ठिपका असतो. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “आकडा चारचा. बाजूचा ठिपका शून्य हाय का टवका, ते दगडालाच विचारा.”

मला विचारलं नाही.

त्याऐवजी माधवराव गुरुजींना आणलं. वय सत्त्याऐंशी. लहानपणी निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले, पुढं हायस्कुलात जन्मभर मराठी व्याकरण शिकवलेले. त्या दिवशी माझ्याभोवती शंभर माणसं जमली होती. गुरुजींना सत्तर वर्षांत कुणी उर्दू वाचायला सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि भरलेल्या डोळ्यांना टवका गोल दिसतो.

“चाळीस,” ते म्हणाले. “साफ चाळीस.”

टाळ्या पडल्या. चाळीस हात म्हणजे बरोबर साठ फूट. सुशोभीकरणाला हवे तेवढेच. दुसऱ्याच दिवशी गुरुजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

आता मोजमाप पाहा. समोरच्या भिंतीपासून माझ्यापर्यंत अंतर सव्वीस हात. माझ्यावर वाचलं चाळीस. चौदा हात गेले कुठं? भिंत नगर परिषदेची, त्यामुळं ती सरकली असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. मग उरलो मी. आठ दिवसांनी केवळाबाईच्या दाराला नोटीस चिकटली. सून तनुजानं ती मोठ्यानं वाचली. बरंच काही होतं, पण सासूच्या कानात एकच ओळ गेली: हद्दीचा दगड रस्त्याच्या बाजूस सरकवला आहे.

“काय केलाय?” केवळाबाईनं विचारलं.

“सरकवलाय, आत्या.”

तिनं गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत ती त्याच्याकडं पाहत उभी राहिली.

मित्रांनो, तुम्ही शहरात वाढला असाल तर ही गोष्ट कळणार नाही. आमच्याकडं माणूस भांडखोर असला, पिणारा असला, तरी लग्नाला त्याला अक्षता जातात. पण ज्या घरानं बांध कोरला, हद्दीचा दगड हलवला, त्या घराचं नाव निघालं की सांगणारा आवाज खाली आणतो. भुजंग जाऊन तीस वर्षं झाली होती. त्याच्या नावापुढं आता एक क्रियापद लागलं होतं.

ती नगर परिषदेत गेली. खिडकीतून ऐकू आलं. ती ओरडली नाही.

“गिरणी घ्या. ओसरी घ्या. मावेजा बी नको मला. तेवढा शब्द काढा.”

यज्ञेश साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, फाइल उलटीसुलटी पाहिली. मग म्हणाले, “मावशी, जागा घ्यायची तरतूद आहे. शब्द काढायची नाही.” शिवाय दगड सरकवला नाही असं धरलं तर जागा तिची ठरते, आणि जागा तिची ठरली तर मावेजा द्यावाच लागतो, ती नको म्हणाली तरी द्यावा लागतो. थोडक्यात, ती खोटी ठरल्याशिवाय तिची ओसरी फुकट घेता येत नव्हती.

तिनं बैलगाडीची हकीकत सांगितली. टवका सासऱ्याच्या गाडीनं पडला, घरात सगळ्यांना ठावं हाय. तिला गाडीचं आरसी बुक मागितलं.

शेवटी ठरलं की पुरावाच सभागृहासमोर आणावा. म्हणजे मला. मी जागेवरून हललो होतो का, हे तपासण्यासाठी मला जागेवरून उपटायचा ठराव झाला. विरोध कुणी केला नाही. जेसीबी आला. त्याचा दात माझ्या मुळाशी शिरला तेव्हा मला कळलं की मी जमिनीत हातभर आहे. इतकी वर्षं मलाही ठाऊक नव्हतं. मी वर आलो. खाली माझ्या आकाराचा खड्डा होता, आत ओल होती, आणि दोन गांडुळं उजेडाकडं तोंड करून थांबली होती. माझा पहिला प्रवास, सव्वीस हात.

माझ्यामागं त्याच जेसीबीनं खड्डा बुजवला आणि वरून रोलर फिरवला. दिसेल तो खड्डा ताबडतोब बुजवावा असा आदेश त्याच आठवड्यात निघाला होता. गावातले बाकीचे खड्डे आदेशाच्या आधीचे होते, त्यांना तो लागू नव्हता.

सभागृहात मला सतरंजीवर ठेवलं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. इतिवृत्तात अभिप्राय कायम करायचा म्हणून गुरुजींना बोलावलं होतं. ते सत्काराची शाल पांघरून आले. केवळाबाई दाराशी उभी होती. गुरुजी वाकले. या वेळी गर्दी नव्हती, टाळ्या नव्हत्या. त्यांनी चारावरून बोट फिरवलं, मग बोट ठिपक्यात घातलं आणि तव्याला लागावं तसं मागं घेतलं.

“हे शून्य न्हाई,” ते म्हणाले. “छिन्नीचं कोरलेलं तिरपं उतरतं. हे चेचलंय. हा मार हाय. चार नंबरचा दगड हाय हा, एवढंच. चुकलं माझं.”



“गुरुजी,” उज्वलाताई म्हणाल्या, “तुमचा सत्कार झालाय.”

“शाल परत देतो.”

“शाल परत घ्यायचं हेडच नाही आपल्या हिशेबात.”

साठ फुटांचा नकाशा मंजूर होऊन आला होता. निधी आला होता. कारंज्याचा पंप आला होता आणि जिन्याखाली पडून होता. यज्ञेश साहेबांनी तरी हळूच सुचवलं की दगड मूळ जागी पुन्हा बसवू आणि सगळं मोजून घेऊ. सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. पलीकडं जमीन सपाट होती. जेसीबीच्या ड्रायव्हरला बोलावलं; त्यानं दोन जागा दाखवल्या, दोन्ही खात्रीनं. केवळाबाईनं दारातूनच बोट केलं. तिनं दाखवलेली जागा बरोबर होती, अगदी बोटाच्या हिशेबानं बरोबर. पण ती हितसंबंधी होती.

तेव्हा गुरुजींचा तोल गेला. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही. त्यांनी वर्गात बोलत असावं तसं बोट वर केलं. “‘सरकवला’ हे प्रयोजक क्रियापद आहे. कर्ता लिहिला नाही तरी तो आत लपून बसलेला असतो. तुम्ही तिथं एका मेलेल्या माणसाला बसवलंय. त्यापरीस ‘सरकला’ लिहा. आपसूक सरकला म्हणा. खोटंच लिहायचं तर निदान जित्यामेल्याच्या नावानं लिहू नका.”

ते टोमणा मारत होते. उज्वलाताईंना ती उपसूचना वाटली.

त्यांनी ठरावाचा कागद जवळ ओढला आणि पेनानं एका अक्षरावर काट मारली. ‘सरकवला’मधला ‘व’. दगड रस्त्याच्या बाजूस सरकला आहे. भुजंग सुटला. केवळाबाई सुटली. जागा रस्त्याचीच राहिली, मावेजा लागला नाही, कारंजं वाचलं. सूचक संगप्पा, आणि अनुमोदक म्हणून माधवराव गुरुजींचं नाव घालणार होते, पण ते सदस्य नव्हते. एकमतानं मंजूर. गुरुजी खुर्चीत बसले होते आणि त्यांचं तोंड उघडं होतं.

केवळाबाईच्या मान्यतेची सही हवी होती. ती आत आली, कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“ह्याच्यावर ढकलायचं व्हय?”

“दगडाला कुठं सोयरीक जुळवायची हाय, वहिनी,” संगप्पा म्हणाले.

तिनं सही केली. नाव लिहून झाल्यावर पेन कागदावरून उचलायला तिला वेळ लागला. मला राग आला नाही. माझ्या बाजूनं बोलण्यासारखं कुणाकडं काही नव्हतं, आणि माझ्याकडं होतं ते बोलता येत नव्हतं.

ओसरी एका सकाळीत पडली. रस्ता झाला, दिवे लागले. पंपाला पाण्याची जोडणी मिळेना, म्हणून कारंज्याच्या कठड्यावर भाजीवाल्या बसतात. वाढलेल्या चौदा हातांत पेव्हर ब्लॉक आणि दोन बाक आहेत. बाकांवर कुणी बसत नाही. मी नगर परिषदेच्या अंगणात सिमेंटच्या चौथऱ्यावर आहे. शेजारी पाटी आहे: ‘निजामकालीन हद्दीचा दगड. रस्त्याची मूळ रुंदी चाळीस हात.’ पेंटरनं आकडा सोनेरी केला, आणि रंग टिकावा म्हणून टवका ड्रिलनं गोल करून घेतला. आता ते शून्य अगदी सुबक आहे. कुणीही चाळीसच वाचेल.

इथून मला माझी जागा दिसते. तिथं काही नाही, सपाट रस्ता. पण लोक तिथं आले की अजून अंग चोरून वळतात. सायकलवाले हँडल किंचित फिरवतात. म्हशी थांबतात, हुंगतात आणि वळसा घालतात. नव्यानं बदलून आलेला एक कारकून आहे, त्यानं मला तिथं कधी पाहिलेलं नाही; तोही वळतो. कधी एखादी बाई डबा कमरेवर घेऊन येते, बाकाच्या अलीकडं थांबते, हवेतच डबा ठेवायला हात पुढं करते आणि मग भानावर येते. गिरणी आता मागच्या खोलीत आहे. तिचा आवाज येतो, पण उशिरा आल्यासारखा येतो. दुपारी रस्ता ओस पडला की पुन्हा ते नंबर ऐकू येतात. हल्ली तीननंतर थांबत नाहीत. चार म्हणतात, आणि आवाज इथून येत नाही. तिकडून येतो, पेव्हर ब्लॉकखालून.

माधवराव गुरुजी या रस्त्यानं येत नाहीत. लांब पडतं तरी मागच्या गल्लीनं जातात.

केवळाबाई मात्र येते. रोज सकाळी, अंगण झाडून व्हायच्या आत. पदराखाली कणकेचा गोळा असतो. आजूबाजूला पाहून ती तो त्या सोनेरी शून्यात दाबते, अंगठ्यानं सारखा करते. शून्य बुजतं. मग मी नुसता चार असतो. मुंग्यांना पत्ता लागून त्यांनी कणीक नेईपर्यंत दोनेक तास जातात. एकदा शिपायानं तिला पाहिलं आणि त्याला वाटलं नवस आहे. आता आणखी दोघीजणी कणीक आणतात. त्यांना कारण विचारलं तर सांगता येत नाही. दगडास पीठ लावण्यास मनाई करावी असा विषय पुढच्या सभेपुढं आहे.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुणाच्या तरी नावाचे कागद लिहाल. तेव्हा एखादं अक्षर गाळावंसं वाटलं तर अवश्य गाळा. फक्त खाली वाकून पाहा की ते कुणावर पडलं. आणि वाटेत कुठं आमच्यासारखा दगड दिसला, तर त्याला उचलू नका, रंगवू नका. हात लावून पुढं जा.

आज सकाळी केवळाबाई कणीक दाबून झाल्यावर लगेच गेली नाही. तिनं दोन्ही हात माझ्या माथ्यावर ठेवले. “तू न्हाई सरकलास,” ती म्हणाली. “मला ठावं हाय. सही मीच केली. काय म्हणायचं ते म्हण मला.”

मी काय म्हणणार?

ती तशीच उभी राहिली, मान थोडी तिरपी करून, गिरणीच्या आवाजात कुणाचं तरी बोलणं ऐकताना करायची तशी. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग काही ऐकू आल्यासारखी तिनं होकारार्थी मान हलवली, हळूच “हाव” म्हणाली, आणि डोळे पुसत घराकडं निघाली.